कॉम्प्युटर टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जातात? आधी रिमोट हातात घ्या

माझ्या ताईचे सासरे, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाइलवरचं बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही. म्हणून भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर इंदिरानगरच्या घरी हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला जोडून दिला. सकाळचा पेपर, निफाडकडच्या शेताचा सातबारा, बँकेचा हिशेब, सगळं मोठ्या पडद्यावर दिसावं ही इच्छा. जोडल्याबरोबर स्टार्टचं बटण असलेली खालची पट्टी गायब. मग दुकानातून एक मुलगा आला, त्याने कॉम्प्युटरमधूनच चित्र थोडं लहान करून दिलं. पट्टी दिसायला लागली, पण अण्णा काही खूश होईनात. "अक्षर फुटतंय," एवढंच म्हणत राहिले. घरातल्यांना वाटलं, वयामुळे असेल.

मी गेलो तेव्हा अण्णा पडद्याला चिकटून उभे होते, हातात प्रेसच्या दिवसांपासून जपलेलं भिंग. सातबाऱ्यावरच्या क्षेत्राच्या आकड्यातला ९ त्यांना १ वाटला होता. मी भिंगातून पाहिलं. 'पिकांखालील' या शब्दावरचा अनुस्वार शिरोरेघेत विरघळला होता आणि प्रत्येक उभ्या काठीच्या दोन्ही बाजूंना राखाडी सावली होती. अण्णांच्या डोळ्यांत काहीच दोष नव्हता. चित्र वाटेत दोनदा ताणलं-आवळलं गेलं होतं.

या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचंय. कडा कापतो टीव्ही, त्यामुळे दुरुस्तीही टीव्हीतच करायची. कॉम्प्युटरमधून चित्र लहान करणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

टीव्ही मुळात कडा कापतोच का?

अण्णांना हे समजावणं सोपं गेलं, कारण छपाईत अगदी हीच युक्ती असते. पत्रिकेला कडेपर्यंत रंग हवा असेल तर डिझाइन कागदाच्या कटिंगच्या रेघेबाहेर थोडं जास्तीचं छापतात. त्याला ब्लीड म्हणतात. कटिंग करताना सुरी केसभर इकडेतिकडे सरकली तरी पांढरी कड दिसत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राला असंच ब्लीड दिलेलं असे. त्याचं नाव ओव्हरस्कॅन.

त्या टीव्हीत चित्र इलेक्ट्रॉनच्या झोताने रंगवलं जायचं. झोत किती वळणार हे व्होल्टेजवर, सेट तापण्यावर, सुट्या भागांच्या वयावर अवलंबून असायचं. आमच्या गावाकडे संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि दूरदर्शनवरच्या बातम्या चारही बाजूंनी आक्रसायच्या, कडेला काळी चौकट यायची. ती चौकट रोज दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र नळीपेक्षा मोठं ठेवत. चॅनेलवाल्यांनाही ते माहीत होतं, म्हणून ते नावं आणि आकडे कडेपासून आत ठेवत.

आताच्या सपाट टीव्हीत झोत नाही, नळी नाही. एलईडी टीव्हीच्या पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात, फुल एचडी असेल तर आडवे १९२० आणि उभे १०८०. तरीही कित्येक टीव्ही एचडीएमआयमधून, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या वायरीतून, आलेलं चित्र सवयीने थोडं मोठं करून कडा बाहेर टाकतात. सिनेमा पाहताना ते कळतही नाही. कॉम्प्युटरचं चित्र मात्र शेवटच्या ठिपक्यापर्यंत कामाचं असतं.

हिशेब करून पाहा. समजा टीव्ही एकूण ५ टक्के कापतोय. मग १९२० पैकी १८२४ ठिपके दिसतात आणि १०८० पैकी १०२६. म्हणजे डावी-उजवीकडून ४८-४८ आणि वर-खालून २७-२७ गेले. विंडोज १० ची खालची पट्टी १०० टक्के स्केलवर, म्हणजे अक्षरं-चिन्हं मूळ आकारात असताना, ४० ठिपके उंच असते. त्यातले २७ कापल्यावर उरतात १३, म्हणजे चिन्हांच्या टाळूचा भाग तेवढा. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत वार्षिक सभेला जमाखर्च टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा एक्सेलच्या तळाच्या पट्टीत दिसणारी बेरीजच कापली गेली होती आणि अर्धा तास वाद त्यावरच झाला.

आता वर सांगितलेली दुकानातल्या मुलाची युक्ती बघा. कॉम्प्युटरने १९२० ठिपक्यांचं चित्र दाबून १८२४ त बसवलं आणि भोवती काळी चौकट लावून पाठवलं. टीव्हीने ती चौकट कापली आणि १८२४ पुन्हा ताणून १९२० केले. बाहेरून सगळं जागेवर दिसतं. पण दाबताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळले, ताणताना पुन्हा मिसळले. इंग्रजी अक्षर त्यातून कसंबसं निभावतं. देवनागरीत अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, उकार या सगळ्या एकदोन ठिपक्यांच्या गोष्टी असतात. पहिल्यांदा मरतात त्या याच.

आधी तपासणी

कॉम्प्युटर एचडीएमआय वायरने जोडा, चालू करा आणि माउसचा बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन भिडवा. बाणाचं टोक पूर्ण दिसलं पाहिजे. ते दिसेनासं झालं तर टीव्ही कापतोय. हा कोपरा मुद्दाम सांगतोय, कारण उजवीकडे आणि खाली बाण चांगल्या पडद्यावरही नाहीसा होतो. बाणाचं टोकच काय ते आत राहतं, अंग बाहेर जातं. उजवीकडे नेऊन पाहणारे लोक उगाच घाबरतात.

दुसरी तपासणी जरा वेळ घेते, पण तिच्याइतकी खरी परीक्षा दुसरी नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल तात्पुरतं १०० टक्क्यांवर आणा. विंडोजमधला पेंट उघडा, रिसाइझमध्ये पिक्सेल निवडा, प्रमाण राखण्याची खूण काढा आणि रुंदी २, उंची २ द्या. चार ठिपक्यांचं चित्र तयार होईल. झूम ८०० टक्के करून पेन्सिलने वरचा डावा आणि खालचा उजवा ठिपका काळा करा, बाकीचे दोन पांढरे. सेव्ह करा आणि डेस्कटॉपची पार्श्वभूमी म्हणून लावा, बसवण्याचा प्रकार 'टाइल' निवडा. आता सगळ्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी, पण एकेका ठिपक्याची नक्षी पसरेल.

चार-पाच फूट मागे या. कॉम्प्युटरचा एक ठिपका टीव्हीच्या एकाच ठिपक्यावर बसत असेल तर पडदा एकसारखा राखाडी दिसतो. चित्र कुठेही ताणलं किंवा दाबलं जात असेल तर दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्यावर उमटतात तशा लाटा आणि चौकड्या दिसतात. अण्णांच्या टीव्हीवर तर गालिचाच पसरला होता. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर या नक्षीकडे पाहायचं. लाटा गेल्या की काम झालं.

कोणी याआधी कॉम्प्युटरमध्ये चित्र लहान करून ठेवलं असेल तर ते आधी पूर्ववत करा. नाहीतर टीव्ही दुरुस्त केल्यावर चहूबाजूंनी काळी चौकट येईल आणि तुम्हाला वाटेल की टीव्हीचंच काहीतरी बिघडलं.

टीव्हीचं सेटिंग

कॉम्प्युटर चालू असताना आणि त्याचं चित्र पडद्यावर असतानाच टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा. हे फार महत्त्वाचं आहे. चॅनेल किंवा यूट्यूब चालू असताना गेलात तर हवा तो पर्याय पुसट दिसेल किंवा दिसणारच नाही. 'आमच्या टीव्हीत असलं काही नाहीच' असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी इथेच अडलेली असते.

जायचं असतं पिक्चर किंवा स्क्रीन या विभागात, आणि शोधायचा असतो चित्राच्या आकाराचा पर्याय. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं, काम एकच.

सॅमसंगमध्ये पिक्चर साइझ सेटिंग्जमध्ये १६:९ स्टँडर्ड ठेवा आणि त्याखालचं 'फिट टू स्क्रीन' चालू करा. जुन्या मॉडेलमध्ये यादीतच 'स्क्रीन फिट' मिळतं. एलजीमध्ये आस्पेक्ट रेशो या पर्यायात 'जस्ट स्कॅन' असतं, काही मॉडेलमध्ये ते स्वतंत्र निवडायचं, काहींत १६:९ किंवा ओरिजिनलच्या खाली चालू करायचं. सोनीत वाइड मोड 'फुल' आणि डिस्प्ले एरिया 'फुल पिक्सेल'. तिथे ऑटो डिस्प्ले एरिया नावाचं एक बटण असतं, ते बंद करा, नाहीतर टीव्ही स्वतःच्या मनाने पुन्हा बदलतो. पॅनासोनिकमध्ये ओव्हरस्कॅन सरळ त्याच नावाने असतो, तो बंद. फिलिप्समध्ये 'अनस्केल्ड'. बाकी टीव्हींत, विशेषतः कमी किमतीच्या अँड्रॉइड टीव्हींत, झूम मोड या नावाखाली 'जस्ट स्कॅन', 'डॉट बाय डॉट', 'पॉइंट टू पॉइंट' किंवा '१:१' यांपैकी काहीतरी सापडतं.

'ऑटो' असेल तर त्यावर विसंबू नका. 'ऑटो' म्हणजे आत येणारं चित्र सिनेमाचं की कॉम्प्युटरचं याचा टीव्हीने बांधलेला अंदाज.

'झूम' आणि 'सिनेमा झूम' तर मुळीच नको. रिमोटवर आस्पेक्ट, पी-साइझ किंवा झूमचं बटण असेल तर ते लहान मुलांच्या हातून दाबलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते, हेही घरात सांगून ठेवा.

यादी दोनतीनदा चाळूनही काही सापडलं नाही, तर इंटरनेटवर टीव्हीचा 'सर्व्हिस मेनू' उघडण्याच्या बटणांच्या जोड्या मिळतात. त्या वाटेला जाऊ नका. तिथे पॅनेलचा प्रकार, व्होल्टेज, रंगांची मूळ मापं असतात. एक आकडा चुकीचा बदलला तर चित्र उलटं होतं किंवा टीव्ही उघडतच नाही. त्यापेक्षा खाली सांगितलेलं नाव बदलण्याचं काम करून पाहा.

पोर्टला 'पीसी' हे नाव द्या

पोर्ट म्हणजे टीव्हीत वायर खोचायची जागा. अनेकांना हे नुसतं ओळखीसाठी दिलेलं नाव वाटतं, पण सॅमसंग, एलजी आणि आणखी काही टीव्हींत पोर्टचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' केलं की टीव्ही आपलं वागणंच बदलतो. ओव्हरस्कॅन बंद होतो, चित्रावरच्या सुधारणा थांबतात आणि रंगाची पूर्ण माहिती दाखवली जाते. सोर्सच्या यादीत त्या पोर्टवर जाऊन एडिट निवडा, यंत्राचा प्रकार 'पीसी' करा. टीव्हीत पिक्चर मोडच्या यादीत 'ग्राफिक्स' किंवा 'कॉम्प्युटर' असेल तर तोही निवडा.

रंगाच्या पूर्ण माहितीबद्दल थोडं सांगतो, कारण अण्णांच्या बाबतीत अर्धा प्रश्न तोच होता. टीव्हीचं प्रसारण जागा वाचवण्यासाठी उजेड प्रत्येक ठिपक्याचा पाठवतं, पण रंग मात्र चार ठिपक्यांच्या चौकोनात मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. चेहरे, झाडं, क्रिकेटचं मैदान यात ते डोळ्याला कळत नाही. पण काळ्या पाटीवर लाल अक्षर असेल तर अक्षराचा रंग शेजारी सांडतो, कुंकू ओलं असताना बोट लागावं तसा. कॉम्प्युटरला ४:४:४ किंवा आरजीबी लागतं, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रंग. तपासायला नोटपॅडपेक्षा एखाद्या पानावरची लाल किंवा निळी मराठी ओळ बघा, काळ्यावर असेल तर उत्तम. कडा स्वच्छ दिसल्या की झालं.

इथेच शार्पनेसही पाहून घ्या. टीव्ही दुकानात उठून दिसावा म्हणून तो वाढवून ठेवलेला असतो. अक्षराभोवती पांढरट किनार दिसत असेल तर ती जाईपर्यंत कमी करा. नॉइझ रिडक्शन, मोशन स्मूदिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. यातलं मोशनचं बंद केलं की माउस हाताबरोबर फिरायला लागतो, हा फायदा वेगळाच.

लक्षात ठेवा, ही सगळी सेटिंगं बहुतेक टीव्हींत त्या पोर्टपुरतीच असतात. एचडीएमआय १ वर केलं आणि उद्या वायर एचडीएमआय २ मध्ये खोचली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आता कॉम्प्युटर

टीव्ही जागेवर आला की कॉम्प्युटरमध्ये तीनच गोष्टी बघायच्या: किती पडद्यांवर चित्र आहे, ठिपके किती आणि अक्षर केवढं.

लॅपटॉप असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, आणि गडबड इथेच होते, कारण दोन्ही पडद्यांना ठिपक्यांचं एकच माप घ्यावं लागतं. लॅपटॉप १३६६×७६८ चा असेल तर फुल एचडी टीव्हीलाही तेवढंच मिळतं आणि तो ते ताणतो. लॅपटॉपचा पडदा १६:१० असेल तर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. म्हणून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, किंवा दोन्हीकडे वेगळं हवं असेल तर 'एक्स्टेंड'. झाकण बंद करून वापरायचा असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीही करू नको' हा पर्याय ठेवा, पण लॅपटॉप सोफ्यावर किंवा गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद झाकणाखाली तो चांगलाच तापतो.

मग सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले. वर दिसणाऱ्या चौकोनांतून टीव्हीचा निवडा. डिस्प्ले रिझोल्यूशनमध्ये टीव्हीच्या पॅनेलचंच माप हवं. फुल एचडीला १९२०×१०८०, फोरकेला ३८४०×२१६०. त्याच पानावरून 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जा. तिथे दोन आकडे दिसतात, एक डेस्कटॉपचा आणि एक प्रत्यक्ष सिग्नलचा. दोन्ही सारखे असले पाहिजेत. वेगळे असतील तर मधे कोणीतरी चित्र ताणतंय. तिथेच रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा, ६० हर्ट्झ ठेवा आणि 'इंटरलेस्ड' लिहिलेला पर्याय टाळा, त्यात आडव्या रेघा लुकलुकतात.

फोरके टीव्हीवर ६० न येता ३० हर्ट्झच येत असेल तर बाण पडद्यावर अडखळत चालतो. कारण तीनपैकी एक असतं. कॉम्प्युटरचं पोर्ट जुनं, म्हणजे एचडीएमआय १.४ चं, त्यातून फोरके ३० च जातं, ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. किंवा वायर जुनी. किंवा टीव्हीत त्या पोर्टची पूर्ण क्षमता बंद ठेवलेली. सॅमसंगमध्ये ती 'इनपुट सिग्नल प्लस' या नावाने चालू होते, एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड'. नवी वायर आणायला एम. जी. रोड गाठण्याआधी हे सेटिंग बघा. पोर्टच जुनं निघालं तर १९२०×१०८० आणि ६० हर्ट्झ घ्या. फोरके पॅनेलवर त्याचा एक ठिपका बरोबर चार ठिपक्यांच्या चौकोनात बसू शकतो, त्यामुळे अक्षर तितकंसं बिघडत नाही.

आता तिसरी गोष्ट, अक्षराचा आकार. अण्णांच्या घरी दुसरी चूक हीच झाली होती. सोफ्यावरून अक्षर बारीक दिसतं म्हणून भाच्याने रिझोल्यूशन १२८०×७२० केलं होतं. अक्षर मोठं झालं खरं, पण विटांचं झालं. अक्षर मोठं करायला रिझोल्यूशनला हात लावायचा नाही, त्याच पानावरचं 'स्केल' वाढवायचं: १२५, १५०, २००. ठिपके तेवढेच राहतात आणि प्रत्येक अक्षराला जास्त ठिपके मिळतात. आठ फुटांवरून ४३ इंची फुल एचडी टीव्ही पाहायचा असेल तर मी १५० वरून सुरुवात करतो. फोरके असेल तर ३०० ही चालतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून त्या त्या पानाचं अक्षर आणखी वाढवता येतं. त्यानंतर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधून त्याची पाच नमुन्यांची परीक्षा टीव्हीसमोर बसून द्या. लॅपटॉपसमोर नव्हे, जिथून वाचणार तिथून.

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीची अडचण

सिडको, सातपूर भागात घरोघरी बेडरूममध्ये हा टीव्ही असतो आणि त्याची अडचण वेगळी आहे. पॅनेल असतं १३६६×७६८ चं, पण एचडीएमआयमधून टीव्ही सांगतो की मी १९२०×१०८० घेतो. कॉम्प्युटर विश्वास ठेवून तेवढं पाठवतो आणि टीव्ही ते दाबून बसवतो. इथे जस्ट स्कॅन चालू केलं तरी कडा तेवढ्या सुधारतात, अक्षर तुटकच राहतं, आणि नक्षीच्या लाटा जात नाहीत.

डिस्प्ले अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिस्ट ऑल मोड्स' उघडा आणि १३६०×७६८ किंवा १३६६×७६८ आहे का बघा. १३६० हा आकडा दिसला तर गोंधळू नका. १३६६ ला ८ ने भाग जात नाही म्हणून कॉम्प्युटरच्या जगात ६ ठिपके सोडून देण्याची पद्धत पडली. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपक्यांची काळी रेघ राहते, ती दिसतही नाही. ते मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. नाही मिळालं आणि टीव्हीच्या मागे निळं, १५ टाचण्यांचं व्हीजीए पोर्ट असेल, तर जुन्या कॉम्प्युटरला तेच जोडून पाहा. त्या वाटेने हे माप बऱ्याचदा मिळतं. व्हीजीएत चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर टीव्हीच्या पीसी सेटअपमध्ये 'ऑटो अॅडजस्ट' दाबा, आणि आवाजासाठी वेगळी वायर लागते हे विसरू नका. दोन्ही नाही जमलं तर १२८०×७२० आणि १९२०×१०८० दोन्ही लावून, ज्यात मराठी ओळ वाचायला बरी वाटते ते ठेवा.

काळा राखाडी दिसतो, किंवा काळ्यात सगळं बुडतं

उजेडाच्या मोजणीत टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० ते २५५. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं धरलं की चित्र एकतर धुरकट होतं, नाहीतर सावलीतले तपशील बुडतात. टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, नुसतं ब्लॅक लेव्हल किंवा व्हिडिओ रेंज या नावाचं सेटिंग असतं. ते बदलून पाहा. किंवा कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' करा. दोन्हीकडे जुळलं पाहिजे एवढंच.

टीव्हीत खरंच पर्याय नसेल तर

जुने काही टीव्ही असतात, ज्यांच्यात ओव्हरस्कॅन बंद करण्याची सोयच नाही. तिथे कॉम्प्युटरमधून चित्र लहान करण्यावाचून इलाज नाही, आणि तेव्हा ते निःशंक करा. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये डिस्प्ले विभागात स्केल 'कस्टम' केलं की आडवी आणि उभी पट्टी मिळते. एनव्हिडियात 'अॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन'मध्ये साइझ. एएमडीत डिस्प्लेखाली 'एचडीएमआय स्केलिंग'. मॅकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'अंडरस्कॅन'ची पट्टी येते. उबुंटूत 'अॅडजस्ट फॉर टीव्ही' हे बटण असतं. पट्टी हळूहळू सरकवा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बाणाचं टोक दिसलं की थांबा. त्यापुढे एक घरही नको.

उलटी तक्रारही येते. टीव्ही बरोबर आहे, तरी चहूबाजूंनी काळी चौकट. तेव्हा याच पट्ट्या पाहायच्या. एएमडीच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये त्या मुळातच लहान करून ठेवलेल्या असत. ती पट्टी शून्यावर आणली की चित्र कडेला भिडतं. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन तिथला ओव्हरस्कॅन बंद करावा, चौकट जाते.

वायर नको म्हणून विंडोज आणि के दाबून बिनतारी जोडणी करणारेही आहेत. फोटो दाखवायला ठीक आहे. पण त्यात चित्र दाबून व्हिडिओसारखं पाठवलं जातं, माउस मागे रेंगाळतो आणि वर सांगितलेली नक्षी कधीच स्वच्छ होत नाही. रोज वाचायचं असेल तर वायरच हवी.

एक सुरक्षेची गोष्ट. जुन्या वाड्यातल्या किंवा जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग नसतं, आणि वायर खोचताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की चुरचुरतं. दोन्ही यंत्रं बंद करून वायर जोडा, मगच चालू करा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

अण्णांच्या घरी मी आधी इंटेलची पट्टी मूळ जागी आणली, मग टीव्हीत जस्ट स्कॅन चालू केलं, पोर्टला पीसी नाव दिलं, रिझोल्यूशन १९२०×१०८० आणि स्केल १५०. नक्षीच्या लाटा पुसल्या गेल्या आणि पडदा सपाट राखाडी झाला. अण्णा पुन्हा भिंग घेऊन उठले, सातबाऱ्यावरच्या अनुस्वाराजवळ बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "आता बसलं रजिस्टर." चार रंग एकमेकांवर बरोबर बसले की छपाईवाले असं म्हणतात.

त्यांनी लगेच एक चिठ्ठी लिहायला लावली आणि टीव्हीच्या मागे पोर्टशेजारी चिकटवली, कारण टीव्ही रिसेट झाला किंवा वायर हलली तर हे पुन्हा करावं लागणार. तुम्हीही चिकटवा. त्यांच्या चिठ्ठीवर आहे: एचडीएमआय २, नाव पीसी, जस्ट स्कॅन चालू, शार्पनेस कमी, १९२०×१०८०, ६० हर्ट्झ, स्केल १५०, कॉम्प्युटरमधली पट्टी हलवू नये.